मुआंग बोरान पहिल्यांदा बघताना: थायलंडच्या खुल्या वास्तुसंग्रहालयाची वाट

बँकॉकच्या चार-पाच दिवसांच्या सहलीत मुआंग बोरानचं नाव सहसा नसतं. टूरवाल्यांच्या पत्रकात सफारी, नदीतली क्रूझ आणि पट्टायाचा किनारा असतो. समुत प्राकान प्रांतातलं हे भलंमोठं खुलं संग्रहालय त्यात क्वचितच दिसतं. पण लेणी, जुनी मंदिरं, वाडे बघायला जी माणसं वाट वाकडी करतात, त्यांनी थायलंडला जाऊन हे बघितलं नाही तर मला खरंच वाईट वाटतं. जागा मोठी आहे आणि ऊन कडक असतं. शिवाय आत काय खरं, काय नव्यानं उभारलेलं, हे पहिल्या फेरीत कळत नाही. त्यामुळे अनेकजण चार फोटो काढून दमून परत येतात. तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

१. आधी समजून घ्या: ही जागा नेमकी काय आहे

मुआंग बोरान म्हणजे इंग्रजी पाट्यांवरचं ‘एन्शंट सिटी’ किंवा ‘एन्शंट सियाम’. बँकॉकच्या आग्नेयेला, शहरापासून साधारण ३०-३५ किलोमीटरवर, बांग पू भागात. लेक विरियाफान (१९१४–२०००) या उद्योजकानं १९६३ च्या सुमारास हे काम हाती घेतलं. सुरुवातीचा बेत साधा होता: एक गोल्फचं मैदान आणि त्यात देशातल्या प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती. त्यासाठी मूळ वास्तू बघायला माणसं गावोगाव फिरू लागली, तेव्हा त्यातल्या कितीतरी पडझडीला आलेल्या दिसल्या. गोल्फ मागे पडलं आणि देशाच्या वास्तुकलेचं एक अख्खं संग्रहालय उभं राहिलं. राष्ट्रीय संग्रहालयातल्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली. ११ फेब्रुवारी १९७२ रोजी राजे भूमिबोल यांच्या उपस्थितीत ते खुलं झालं. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ तेव्हा थायलंडच्या दौऱ्यावर होत्या, त्यांनाही इथे आणलं गेलं. पुढे १९७४ मध्ये याच नावाचं कला-पुरातत्त्वाचं नियतकालिकही सुरू झालं. हे सांगण्याचं कारण असं, की या जागेला ‘थीम पार्क’ समजून जाल तर तिच्यावर अन्याय होईल. इथे अभ्यास आधी झाला आहे, बांधकाम नंतर.

आत शंभराहून अधिक वास्तू आहेत. त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. मी त्यांचे चार गट करतो:

पहिला गट, आजही उभ्या असलेल्या वास्तूंच्या प्रतिकृती. काही मूळ मापाच्या, काही लहान मापाच्या.
दुसरा, नष्ट झालेल्या वास्तूंची पुराव्यांवरून केलेली पुनर्रचना.
तिसरा, खऱ्याखुऱ्या जुन्या इमारती. मूळ गावी मोडीत निघालेल्या, इथे आणून पुन्हा उभ्या केलेल्या.
चौथा, पुराणकथा आणि बौद्ध विश्वकल्पनेवरून नव्यानं घडवलेली कामं. त्यांना कुठलंही जुनं मूळ नाही.

प्रत्येक वास्तूपुढे फलक असतो. छायाचित्राआधी तो वाचा आणि समोरची वास्तू या चारांपैकी कुठल्या गटातली ते मनाशी ठरवा. एवढं केलंत तरी या भेटीचं निम्मं काम झालं. चौथ्या गटातली कामं सर्वात झगमगीत असल्यानं समाजमाध्यमांवर त्यांचेच फोटो जास्त फिरतात, आणि मग लोक समजतात की थायलंडात अमुक ठिकाणी असं प्राचीन मंदिर आहे.

२. सहलीतला दिवस कुठला निवडायचा

अयुथ्या किंवा सुखोथाई या थायलंडच्या जुन्या राजधान्या बघायला जाणार असाल तर मुआंग बोरान त्याच्या आधी ठेवा. अयुथ्यात विटांचे ढीग, शिरं नसलेल्या मूर्ती आणि उघडे चौथरे दिसतात. त्यावर एकेकाळी काय उभं होतं हे डोळ्यांपुढे आणायला नवख्या माणसाला जड जातं. इथे छप्पर, रंग, सोनेरी मुलामा, आतली चित्रं असं सगळं पूर्ण रूपात बघितलेलं असेल तर तिथले अवशेष वाचता येतात. उलट क्रमानं गेलात तर अयुथ्याचा अर्धा दिवस नुसता दगड-विटा बघण्यात जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. मार्च-एप्रिलचं ऊन लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना झेपत नाही. आपल्याकडच्या उन्हाची सवय असली तरी तिथली दमट हवा थकवते. मे ते ऑक्टोबर पावसाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस बहुधा दुपारनंतर जोरात येतो, म्हणून त्या दिवसांत सकाळ गाठाच. संग्रहालय सकाळी ९ ला उघडतं. बंद होण्याची वेळ अधूनमधून बदलते, ती निघण्याआधी त्यांच्या अधिकृत पानावर बघून घ्या. शनिवार-रविवारी थाई कुटुंबांची गर्दी असते. पाण्यावरच्या बाजारातले सगळे ठेले उघडे असावेत अशी इच्छा असेल तर ती गर्दी सोसावी, नाहीतर आठवड्यातला कुठलाही कामाचा दिवस उत्तम.

दिवस पूर्ण द्या. ‘दोन तासांत उरकू आणि संध्याकाळी खरेदीला जाऊ’ असा बेत इथे टिकत नाही.

३. सोबत काय हवं

कागदपत्रं:
पासपोर्ट. मूळ प्रत हॉटेलात ठेवणार असाल तर छायाप्रत आणि फोनमध्ये फोटो. गोल्फ कार्ट भाड्यानं घेताना ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं, म्हणून वाहन चालवण्याचा परवानाही जवळ असू द्या.
थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. हे संग्रहालयासाठी नाही, देशात शिरण्यासाठी. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते विनामूल्य आहे. शोधताना वरच्या वर येणारी काही खासगी पानं त्याचे पैसे मागतात. पैसे मागणारं पान दिसलं की बाहेर पडा आणि थाई इमिग्रेशनचं सरकारी पान शोधा. व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, तेही तिकीट काढण्याआधी सरकारी पानावरच तपासा.
ऑनलाइन तिकीट काढलं असेल तर त्याचा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून.

सामान:
सुटे बाट (थाई चलन). सोंगथाव (तिथली वडाप), छोटे ठेले आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी २० आणि १०० च्या नोटा बऱ्या पडतात.
रुंद काठाची टोपी किंवा छत्री, पाणी, डासांचं मलम. आत जागोजागी तळी-कालवे आहेत, त्यामुळे संध्याकाळी डास येतात.
पटकन काढता-घालता येतील अशा चपला. बहुतेक वास्तूंमध्ये आत जाताना पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात, आणि नाड्यांचे बूट सोडत-बांधत बसलात तर दुपारपर्यंत आत जाणंच नकोसं होतं.
खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे. ऊनही लागत नाही आणि पूजास्थानी संकोचही वाटत नाही.
फोनचं थाई सिम किंवा ई-सिम आणि पॉवर बँक.

४. पोहोचायचं कसं

सोपी वाट स्काय ट्रेनची. बँकॉकची बीटीएस सुखुमवित लाईन डिसेंबर २०१८ मध्ये खेहा स्थानकापर्यंत वाढली, तेव्हापासून इथे येणं फार सोयीचं झालं आहे. शहराच्या मध्यातून, म्हणजे सियाम स्थानकातून, खेहापर्यंत साधारण तासभर धरा. खेहा हे या मार्गाचं शेवटचं स्थानक. मात्र या दिशेच्या काही गाड्या अलीकडे सामरोंगलाच संपतात. डब्यातून सगळे उतरायला लागले की तुम्हीही उतरा आणि त्याच फलाटावर पुढच्या खेहाच्या गाडीची वाट बघा. घाबरून स्थानकाबाहेर जायचं नाही, नाहीतर तिकीट पुन्हा काढावं लागतं.

वाटेत चांग एरावान स्थानकाजवळ तीन डोक्यांचा प्रचंड हत्ती दिसतो. तेही लेक विरियाफान यांचंच स्वप्न: एरावान संग्रहालय. दोन्ही एकाच दिवसात करायचा मोह होतो. मी तसं सुचवणार नाही. वेळ असेल तर एरावान दुसऱ्या दिवशी सकाळी करा, तास-दीड तासात होतं.

खेहाहून मुआंग बोरान तीन-चार किलोमीटर. तिथून टॅक्सी, ग्रॅब (फोनच्या ॲपवरून बोलवायची गाडी) किंवा ३६ क्रमांकाचा सोंगथाव. सोंगथाव म्हणजे मागे दोन समोरासमोर बाकडी असलेली छोटी गाडी. आपल्याकडची वडाप डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वापरायची कशी ते वेगळं सांगायला नको. चढताना ‘मुआंग बोरान?’ एवढं विचारा, चालक मान हलवेल. उतरायचं असेल तेव्हा छतावरची घंटी दाबा आणि उतरून पैसे द्या.

थेट हॉटेलातून टॅक्सी करणार असाल तर एक काळजी घ्या. ‘एन्शंट सिटी’ एवढंच सांगितलं तर चालकाला अयुथ्या वाटू शकतं, आणि अयुथ्या बँकॉकच्या बरोबर उलट दिशेला, उत्तरेला आहे. ‘मुआंग बोरान, बांग पू, समुत प्राकान’ असं पूर्ण सांगा आणि थाई लिपीतलं नाव फोनवर दाखवा. मीटर चालू करायला लावा. सुवर्णभूमी विमानतळही याच प्रांतात आहे, त्यामुळे परतीचं विमान रात्री उशिराचं असेल तर शेवटच्या दिवशी सामान हॉटेलात ठेवून इथे येणंही जमू शकतं. फक्त संध्याकाळच्या वाहतुकीसाठी भरपूर वेळ हातात ठेवा.

५. तिकीट आणि आतलं वाहन

परदेशी प्रौढांचं तिकीट ७०० बाटांच्या घरात असतं, मुलांचं त्याहून बरंच कमी. ऑनलाइन बहुधा स्वस्त पडतं, पण तारीख बदलता येते का ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दुपारनंतरचं सवलतीचं तिकीट दिसलं तर पहिल्या भेटीसाठी ते घेऊ नका, हातात दोनच तास उरतात. तिकिटासोबत क्रमांक घातलेला नकाशा मिळतो. तो मागून घ्याच. इंग्रजी श्राव्य मार्गदर्शन उपलब्ध आहे का तेही तिथेच विचारा.

मग प्रश्न येतो फिरायचं कशानं. परिसर सुमारे २०० एकरांहून मोठा आहे, पायी सगळं होत नाही.

सायकल: माझी पहिली पसंती. जमीन सपाट, रस्ते गुळगुळीत, आत वाहनं कमी. हवं तिथे थांबता येतं. ब्रेक आणि सीटची उंची फाटकातच तपासून घ्या.

गोल्फ कार्ट: आई-बाबा, आजी-आजोबा किंवा छोटी मुलं सोबत असतील तर हीच घ्या. भाडं तासावर असतं. पहिला तास वेगळा, पुढचे वेगळे, उशीर झाला तर जास्तीचे पैसे. निघतानाची वेळ पावतीवर लिहिली आहे ना ते बघा.

ट्राम: पैसे वाचतात, पण ती ठरलेल्या ठिकाणीच थांबते आणि ठरलेल्या वेळी पुढे निघते. ओळख म्हणून ठीक.

प्रवेशाजवळ पारंपरिक थाई पोशाख भाड्यानं मिळतात. तरुण थाई मंडळी हौसेनं घालून फिरतात. तुम्हीही घालायला हरकत नाही, फक्त सायकल चालवायची असेल तर आधी विचार करा.

६. नकाशा उलगडा आणि पाचच शब्द लक्षात ठेवा

संग्रहालयाचा आकार ढोबळमानानं थायलंडच्या नकाशासारखा आहे, आणि प्रत्येक वास्तू देशात जिथली, साधारण तिथेच मांडलेली आहे. थाई लोक आपल्या देशाच्या आकाराला कुऱ्हाड म्हणतात. तुम्ही शिरता ते त्या कुऱ्हाडीच्या दांड्यातून, म्हणजे दक्षिणेकडच्या चिंचोळ्या भागातून. पुढे मध्य मैदान, मग उजवीकडे ईशान्येचा इसान प्रांत आणि वर उत्तरेचा लान्ना प्रदेश. ही मांडणी डोक्यात बसली की वाट चुकत नाही, आणि शैली का बदलते तेही आपसूक उमगतं.

फलक वाचताना हे शब्द सारखे येतील. चेदी म्हणजे स्तूप. प्रांग म्हणजे कणसासारखं उभट शिखर, मूळ खमेर, म्हणजे प्राचीन कंबोडियातल्या, शिखराचं थाई रूप. विहान म्हणजे बुद्धमूर्तीसमोर लोक जमतात ते दालन. उबोसोत म्हणजे भिक्खूंच्या विधींचं दालन. त्याच्याभोवती आठ सीमाशिला असतात, त्यावरून ते विहानपासून वेगळं ओळखायचं. मोन्दोप म्हणजे चौकोनी तळावरची, निमुळत्या थरांच्या छपराची वास्तू, बहुधा पवित्र पाऊल किंवा ग्रंथ ठेवण्यासाठी.

७. कुठे थांबायचं

सगळं बघायला जाऊ नका. शंभर वास्तूंपुढे प्रत्येकी तीन मिनिटं थांबण्यापेक्षा आठ-दहांपुढे वीस मिनिटं थांबणं कितीतरी बरं. माझी निवड खाली देतो.

दक्षिण. चाय्याचा फ्रा बोरोम्मथात आणि नाखोन सी थम्मरातचा महाथात हे दोन स्तूप लागोपाठ बघा. चाय्याचा श्रीविजय या सुमात्रातल्या जुन्या सागरी राज्याच्या काळच्या शैलीतला आहे, जावातल्या मंदिरांशी नातं सांगणारा. थरावर थर आणि कोपऱ्यांत छोटे स्तूप. नाखोनचा श्रीलंकेच्या वळणाचा: गुळगुळीत घंटेचा आकार आणि वर सोनेरी टोक. समुद्रमार्गे कुठून कुठून माणसं आणि मतं आली, ते या दोन आकारांतच दिसतं.

मध्य मैदान. इथे सानफेत प्रासात आहे, आणि एकच वास्तू बघायची असेल तर मी हीच सांगेन. अयुथ्याच्या राजवाड्यातलं हे सिंहासनगृह राजा बोरोम्मत्रैलोक्कनात यांनी १४४८ मध्ये बांधलं. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा राजदूत शोमाँ आपल्या राजाचं पत्र घेऊन राजा नाराय यांच्यासमोर उभा राहिला तो इथेच. १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं अयुथ्या जाळली. आज मूळ जागी फक्त पाया उरला आहे. तो पाया, बखरी, परदेशी पाहुण्यांची वर्णनं आणि त्या काळच्या उरलेल्या वास्तूंचे तपशील जुळवून ही इमारत पुन्हा उभी केली आहे. म्हणजे हा आपला दुसरा गट.

बघायचं कसं? आधी लांबून चौथरा बघा. अयुथ्याच्या वास्तूंचा तळ दोन्ही टोकांना किंचित वर उचललेला आणि मध्ये झुकलेला असतो, जहाजाच्या तळासारखा. मग छपराचे थर मोजा, मधला उंच मनोरा बघा, कडांवरून उतरणारे नागाचे खवले बघा, आणि टोकाला आकाशात घुसणारी शिंगासारखी चोफा बघा. नंतर आत जा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. खांब, छत, भिंती सगळं रंगवलेलं आहे. लेण्यातली चित्रं आपण बघतो ती उडालेल्या रंगांची. नवी असताना अशी दालनं कशी दिसत असतील, याची कल्पना मला इथे पहिल्यांदा आली.

दुसित महाप्रासात याच्या नंतर बघा. मूळ इमारत बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये उभी आहे, पहिल्या रामाच्या, म्हणजे आजच्या थाई राजघराण्याच्या पहिल्या राजाच्या, काळातली. म्हणजे हा पहिला गट. सानफेत जळाल्यावर वीस-पंचवीस वर्षांत नव्या राजधानीनं तीच परंपरा पुन्हा कशी उचलली, हे दोन्ही शेजारी-शेजारी मनात ठेवले की लक्षात येतं. ग्रँड पॅलेसमध्ये गर्दीमुळे जे निवांत बघता येत नाही, ते इथे बघता येतं.

मग जुना बाजार आणि पाण्यावरचा बाजार. इथली कित्येक लाकडी घरं आणि दुकानं खरी, जुनी, वेगवेगळ्या प्रांतांतून आणलेली. अख्खं घर कसं आणलं, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर घराच्या बांधणीतच आहे. मध्य थायलंडचं पारंपरिक घर खांबांवर उभं असतं आणि त्याच्या भिंती सुट्या तावदानांसारख्या, खुंट्यांनी अडकवलेल्या असतात. घर उतरवून दुसरीकडे उभं करणं तिथे नवलाचं नव्हतं. भिंती आत किंचित कललेल्या का, छप्पर इतकं उभं का, जमिनीपासून घर इतकं वर का, हे पावसाच्या आणि पुराच्या मैदानात राहणाऱ्या माणसांच्या नजरेनं बघा.

इसान. इथे मराठी वाचकाला सर्वात ओळखीचं वाटेल. फिमाई, फनोम रुंग आणि प्रासात फ्रा विहान या खमेर मंदिरांच्या प्रतिकृती या भागात आहेत. जांभा आणि वालुकाश्म, मंडप, अंतराळ, गाभारा, वर शिखर. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० मधलं. फिमाई आणि फ्रा विहानची मुख्य बांधणी त्याच शतकाच्या आगेमागे झाली. अंबरनाथला आपण भिंतीचा दर इंच कोरलेला बघतो. इथे दरवाज्यावरची आडवी पट्टी म्हणजे ललाटपट्टी आणि तिच्यावरची कमान बघायची, सगळं कथन तिथे एकवटलेलं असतं. फनोम रुंगची शेषशायी विष्णूची मूळ ललाटपट्टी चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोहोचली होती. थायलंडमध्ये मोठं आंदोलन झालं आणि १९८८ मध्ये ती परत आली.

फ्रा विहानसाठी कृत्रिम टेकडी उभारली आहे. पायऱ्या चढाव्या लागतात, पण चढाच. खरं मंदिर दांगरेक डोंगराच्या कड्यावर आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६२ मध्ये ते कंबोडियाचं असल्याचा निकाल दिला. दोन्ही देशांत तो विषय अजून दुखरा आहे, म्हणून तिथल्या थाई माणसांशी त्यावर वाद घालू नका. टेकडीवरून सगळं संग्रहालय एका नजरेत दिसतं आणि नकाशाचा आकार समजतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच सावलीत थांबावं.

याच बाजूला फ्रा थात फनोम आहे, मेकाँगकाठच्या लाओ वळणाचा उंच चौकोनी स्तूप. मूळ स्तूप ऑगस्ट १९७५ मध्ये पावसानं कोसळला आणि नंतर पुन्हा बांधला गेला.

उत्तर. सुखोथाईच्या महाथातपाशी कमळकळीच्या आकाराचं टोक बघा, ही सुखोथाईची खास खूण. लान्ना भागात लाकूडकामाला वेळ द्या. लांपांगच्या वाट चोंग खामचा (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर-मठ) विहान इथे आहे: थरांची छपरं आणि त्यांच्या कडांवरची जाळीदार नक्षी, बर्मी-शान वळणाची. अयुथ्याचा राजेशाही ताठा इथे दिसत नाही. छपरं खाली उतरलेली, घरगुती प्रमाणाची वाटतात, आणि मला तीच जास्त आवडतात.

चौथा गट. सुमेरू पर्वत, रामकिएनची बाग, क्वान यिन या करुणेच्या देवीची मूर्ती, अर्हतांचा मंडप. सुमेरूच्या तळाशी पाण्यात आनोन नावाचा महामासा वेढा घालून बसला आहे. तो हलला की भूकंप होतो, अशी तिथली समजूत. रामकिएन हे थाई रामायण; पहिल्या रामाच्या काळात, १७९७ मध्ये, त्याची सर्वात पूर्ण संहिता तयार झाली. त्यातला रावण तोत्साकान, आणि हनुमान पांढराशुभ्र, रसिक, प्रेमप्रकरणांत रमणारा. सोबत मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती गोंधळणार नाहीत. आणि आपला मारुती असा नाही म्हणून रागावू नका. रामकथेनं तिथे गेल्यावर तिथलं घर केलं आहे. ही सगळी कामं सुंदर आहेत, फक्त ती विसाव्या-एकविसाव्या शतकातली आहेत एवढं ध्यानात ठेवून बघा.

८. जेवण

पाण्यावरच्या बाजारात जेवणाची सोय असते: नूडल्सचे वाडगे, सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, आंबा आणि चिकट भात. मांसाहारी मंडळींना अडचण नाही.

शाकाहारींनी सावध राहायला हवं. भाजीच्या पदार्थातही माशाचा सॉस किंवा सुक्या कोळंबीची पूड पडते. ‘नो मीट’ म्हटल्यानं हे सुटत नाही. ‘किन जे’ म्हणा; त्यात मांस, मासे, अंडी काहीच येत नाही, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन कुटुंबांनाही तो शब्द कामाचा. पण ‘जे’ पदार्थ प्रत्येक ठेल्यावर मिळेल याची खात्री नाही. सोबत ठेपले, चिवडा, दशम्या असं काही ठेवा, आणि फळं तिथे घ्या. कोकोनट आईस्क्रीम बहुतेकदा चालतं.

दुपारी १२ ते २ या वेळात सायकल बाजूला लावून सावलीत बसा. तेव्हा फिरण्याचा हट्ट केलात तर उत्तरेकडचा सगळा भाग बघायची ताकद राहत नाही.

९. वागणं आणि काही सापळे

प्रतिकृती असल्या तरी अनेक ठिकाणी थाई लोक मनोभावे हात जोडतात, उदबत्ती लावतात. मूर्तीकडे पाय करून बसू नका, मूर्तीच्या अंगावर किंवा चौथऱ्यावर चढून फोटो काढू नका. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श टाळावा. राजघराण्याच्या चित्रांबद्दल किंवा व्यक्तींबद्दल थट्टा अजिबात नको, तिथला कायदा कडक आहे.

बुद्धमूर्ती आठवण म्हणून विकत घेण्याआधी विचारा. थायलंडबाहेर बुद्धमूर्ती नेण्यासाठी ललित कला विभागाचा परवाना लागतो, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

शहरात एखादा टुकटुकवाला आपणहून जवळ येऊन ‘आज ते बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर हसून पुढे चला. असं सांगून दागिन्यांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेणं ही बँकॉकमधली जुनी युक्ती आहे.

१०. परत निघताना

कार्ट किंवा सायकल परत करताना पावती आणि ठेवलेलं ओळखपत्र घ्या. खेहाकडे जाणारा सोंगथाव रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबतो ते फाटकावर विचारूनच रस्ता ओलांडा. सुखुमवित रस्ता रुंद आहे आणि गाड्या वेगात असतात. संध्याकाळी पाच ते सात या वेळात टॅक्सी रस्त्यातच अडकते, स्काय ट्रेन अडकत नाही.

हिवाळ्यात गेला असाल आणि अंगात त्राण उरलं असेल तर जवळच बांग पूचा समुद्राकाठचा लांब धक्का आहे. नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी तिथे हजारोंनी असतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा.

दुसऱ्या दिवशी अयुथ्या करणार असाल तर सकाळची रेल्वे पकडा. तिथे वाट फ्रा सी सानफेतच्या तीन चेदींच्या उत्तरेला जुन्या राजवाड्याचं आवार आहे. बहुतेक गट तीन चेदींपुढे फोटो काढून निघून जातात. तुम्ही त्या आवारात जा आणि सानफेत प्रासातचा पाया शोधा. आदल्या दिवशी काढलेले फोटो फोनमध्ये उघडून ठेवा आणि चौथऱ्याच्या कडेनं एक फेरी मारा.